पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र दिसेना: कुकीज अडवल्यावर पेमेंट नेमकं कुठे अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जाहिरातवाल्यांच्या पाठलागाला कंटाळून ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज, म्हणजे साइट तिथे ठेवतात त्या छोट्या नोंदी, बंद केल्या, तर एका साइटवर ‘पैसे भरा’ हे बटण दाबलं तरी काहीच होईना. मग सेटिंग थोडी सैल करून फक्त परक्या साइटच्या, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ कुकीज बंद ठेवल्या. त्यावर दुसऱ्या एका साइटने ओटीपी टाकताक्षणी ‘वेळ संपली’ म्हणून व्यवहार रद्द केला. तिसऱ्या साइटवर ओटीपी चालला, पैसे कापल्याचा मेसेजही आला, पण साइटवर परतल्यावर लॉग-आउट झालेलं आणि कार्ट रिकामी. आता पुन्हा पैसे भरावेत का, आणि पेमेंटसाठी ही सेटिंग कायमची काढून टाकावी का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिसऱ्या प्रसंगाबद्दल आधी सांगतो, कारण तिथे पैसे अडकलेत. लगेच पुन्हा पैसे भरू नका, आणि ते पान रिफ्रेशही करू नका. नव्या टॅबमध्ये साइटवर लॉग-इन करा आणि ऑर्डर्सची यादी बघा, ईमेल बघा. बऱ्याचदा ऑर्डर नोंदली गेलेली असते. तसं सांगणारं पान तेवढं तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं. ऑर्डर खरंच नसेल, तर बँकेच्या खात्यात ती रक्कम नुसती राखून ठेवली आहे की पूर्ण वजा झाली आहे ते पाहा. कार्डाच्या व्यवहाराचे दोन टप्पे असतात. बँक आधी मंजुरी देऊन रक्कम राखते, मग विक्रेता ती उचलतो. उचललीच नाही, तर राखलेली रक्कम काही दिवसांत आपोआप मोकळी होते. मात्र बऱ्याच ठिकाणी मंजुरी मिळताक्षणी रक्कम उचलली जाते, आणि मग परतावा मागावा लागतो. तो कसा मागायचा ते शेवटी लिहितो.

आता कारणांकडे वळू. मी बरीच वर्षं साइट आणि पेमेंट गेटवे, म्हणजे दुकानाच्या वतीने पैसे घेणारी सेवा, यांची जोडणी करण्याचं काम करतो आहे. तुमचे तिन्ही प्रसंग वरवर एकाच सेटिंगमुळे घडल्यासारखे वाटतात, पण ते तीन वेगळे बिघाड आहेत. तिसऱ्याचा तर तुमच्या सेटिंगशी बहुधा संबंधच नाही.

कुकी जन्मली तीच खरेदीसाठी. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी भाषेत बोलतात तिला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक पान मागताना सर्व्हरला तुम्ही नव्याने भेटता. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी यावर तोडगा काढला: सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपायची आणि पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवायची. त्यांच्यासमोरचा प्रश्न खरेदीची टोपली लक्षात कशी ठेवायची हाच होता. पुढे या चिठ्ठीचा उपयोग माणसांच्या मागे फिरण्यासाठी होऊ लागला. याची जाणीव तेव्हाही होती. १९९७ साली कुकीचं पहिलं अधिकृत मानक आलं, त्यातच परक्या साइटच्या कुकीज मुळात बंद असाव्यात असं म्हटलेलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी ते मनावर घेतलं नाही, आणि वीसेक वर्षं सगळी दुनिया त्या उघड्या दारावर विसंबून साइट बांधत राहिली. म्हणून आज ते दार लावून घेणाऱ्याला ‘तुमची सेटिंग चुकीची आहे’ असं कुणी म्हणालं की मला पटत नाही.

‘परकी’ कुकी कशाला म्हणायचं? वरच्या पत्त्याच्या पट्टीत ज्या साइटचं नाव दिसतं तिची कुकी आपली, आणि त्याच पानात दुसऱ्या कुणाचा तुकडा बसवलेला असेल तर त्या तुकड्याची कुकी परकी. जाहिरात असो वा कार्डाचा नंबर भरायची चौकट, ब्राउझरला दोन्ही सारखेच परके दिसतात. कोण पाठलाग करतोय आणि कोण पैसे घेतोय हे त्याला कळत नाही.

पहिला प्रसंग, मुक्या बटणाचा. तेव्हा तुम्ही सगळ्याच कुकीज बंद केल्या होत्या. पुष्कळांना हे ठाऊक नसतं की त्या सेटिंगमध्ये कुकीजबरोबर ब्राउझरचं ‘लोकल स्टोरेज’ही, म्हणजे साइटला माहिती साठवायला दिलेली जागाही, बंद होतं. साइटचा प्रोग्रॅम तिथे काही वाचायला गेला, तर ब्राउझर त्याला रिकामं उत्तर देत नाही, थेट सुरक्षेची त्रुटी फेकतो. ती झेलायची सोय प्रोग्रॅममध्ये नसेल तर तो त्या ओळीवर थांबतो. बटणाला काम जोडून देणारी ओळ त्याच्या खाली असते, तिथपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून बटण दिसतं, दाबलं जातं आणि काही घडत नाही. संगणकावर एफ-बारा दाबून कन्सोल, म्हणजे त्रुटी दाखवणारी पट्टी, उघडलंत तर तिथे लाल ओळ दिसेल. प्रोग्रॅम तरला तरी पुढे आणखी एक अडथळा असतो. फॉर्ममध्ये दडवलेला एक सांकेतिक क्रमांक कुकीतल्या नोंदीशी जुळवून सर्व्हर खात्री करतो की हा फॉर्म आपल्याच पानावरून आलाय. कुकीच नसेल तर जुळवणार कशाशी? सर्व्हर विनंती नाकारतो. सगळ्या कुकीज बंद ठेवून खरेदी करणं आजच्या वेबवर जमणारं नाही, तेव्हा ही सेटिंग सैल केलीत ते बरोबरच केलंत.

दुसऱ्या प्रसंगात दोष पानाच्या रचनेत आहे. कार्डाचा नंबर विक्रेत्याच्या सर्व्हरला शिवू नये, हे सुरक्षेच्या दृष्टीने उत्तमच. कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस नियमांचा भारही त्यामुळे विक्रेत्यावर हलका पडतो. म्हणून गेटवे आपली चौकट, म्हणजे आयफ्रेम, विक्रेत्याच्या पानात बसवून देतो. मग थ्री-डी सिक्युअर नावाची ओळख-तपासणी येते आणि त्या चौकटीत आणखी एक चौकट उघडते, ती तुमच्या बँकेची. पत्त्याच्या पट्टीत मात्र अजून दुकानाचंच नाव असतं. म्हणजे तुमची स्वतःची बँक त्या क्षणी ब्राउझरच्या लेखी परकी ठरते.

बँकेचं पान उघडताना एक कुकी ठेवायचा प्रयत्न करतं, म्हणजे ओटीपी आला की तो कुठल्या व्यवहाराचा ते ओळखता येईल. ब्राउझर ती कुकी मुकाट्याने टाकून देतो. तुम्ही ओटीपी टाकता, सर्व्हर चिठ्ठी शोधतो, ती सापडत नाही. अशा वेळी दाखवायला त्याच्याकडे एकच ठरीव वाक्य असतं, ‘वेळ संपली’. वेळ संपलेली नसतेच. ओटीपी टाकताक्षणी हा संदेश आला तर कुकी अडली अशी दाट शंका घ्यावी.

हे सगळ्या ब्राउझरांत सारखं घडत नाही. सफारीने मार्च २०२० मध्ये परक्या कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून वेगळी वाट धरली: परकी कुकी राहू देतो, पण ज्या साइटवर ती ठेवली गेली त्या साइटपुरत्या वेगळ्या बरणीत. त्यामुळे पाठलाग तुटतो आणि चौकटीतलं पेमेंट बहुतेक वेळा चालतं. मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं की दोन वर्षांत परक्या कुकीज बंद करू. मुदत पुढे पुढे सरकली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला गेला. याचा एक वाईट परिणाम मी जवळून पाहिला. ‘क्रोम बंद करेल तेव्हा बघू’ म्हणत ज्या साइटवाल्यांनी दुरुस्ती लांबणीवर टाकली होती, त्यांनी ती कायमचीच बासनात बांधली. सफारी वापरणारा प्रत्येक माणूस मूळ सेटिंगवरच या भिंतीवर आपटतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही, कारण ते स्वतः क्रोमच्या साध्या खिडकीत तपासतात.

या सेटिंगची आणखी एक किंमत मोजावी लागते. फसवणूक ओळखणाऱ्या यंत्रणा ‘हे उपकरण आधी पाहिलेलं आहे का’ हे अनेकदा कुकीवरून ठरवतात. ती नसली की तुम्ही दर वेळी अनोळखी. म्हणून ओटीपी जास्त वेळा मागितला जातो आणि व्यवहार नाकारला जाण्याची शक्यताही वाढते.

आता तिसरा प्रसंग. तुम्ही त्या साइटवर लॉग-इन करू शकला होता, म्हणजे साइटची स्वतःची कुकी चालू होती. ओटीपी चालला, म्हणजे बँकेकडेही अडलं नाही. अडलं ते परतीच्या वाटेवर.

फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमची ८० वी आवृत्ती आली आणि तिने कुकीच्या ‘सेमसाईट’ या गुणधर्माचा अर्थ बदलायला सुरुवात केली. ज्या कुकीवर काहीच शेरा नाही ती ‘लॅक्स’ मानायची. म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुम्ही साध्या दुव्याने आलात तर कुकी पाठवायची, पण दुसऱ्या साइटने फॉर्म भरून, म्हणजे ‘पोस्ट’ पद्धतीने, तुम्हाला पाठवलं तर नाही. उद्देश चांगला होता. परक्या साइटने तुमच्या नावाने गुपचूप फॉर्म पाठवण्याचा हल्ला त्यामुळे रोखला जातो. पण असंख्य पेमेंट गेटवे व्यवहाराचा निकाल नेमक्या याच पद्धतीने विक्रेत्याकडे परत पाठवतात. महासाथीमुळे एप्रिलमध्ये हा बदल मागे घेतला गेला आणि जुलैपासून पुन्हा लागू झाला.

त्याच वर्षी एका विक्रेत्याकडून मला बोलावणं आलं. पैसे भरून परतलेले काही ग्राहक लॉग-आउट होत होते, काही होत नव्हते. ब्राउझर तोच, आवृत्ती तीच. आमच्या टेबलावर चाचणीच्या कार्डाने शंभर वेळा केलं तरी शंभर वेळा नीट चालायचं. दोन दिवस मी नोंदी चाळत बसलो आणि शेवटी वेळा शेजारी-शेजारी मांडल्या, तेव्हा उलगडा झाला. लॉग-इनपासून परतीपर्यंत दोन मिनिटांच्या आत परतलेले सुखरूप होते, त्याहून उशिरा आलेले लॉग-आउट. क्रोमने जुन्या साइटसाठी एक सवलत ठेवली होती: शेरा नसलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील, तर ‘पोस्ट’ बरोबरही ती जाऊ द्यायची. ती साइट पैसे भरण्याआधी लॉग-इन करायला लावून नवी कुकी देत होती. आम्ही चाचणी करताना अर्ध्या मिनिटात परत यायचो. खरा माणूस फोन शोधतो, मेसेज येईपर्यंत थांबतो, चष्मा लावतो. त्याची दोन मिनिटं तिथेच जातात. आज बऱ्याच साइट कुकीवर स्वतःहून ‘लॅक्स’ असा शेरा मारतात, आणि मग ही दोन मिनिटांची सवलतही मिळत नाही.

एवढ्यावर भागत नाही. कुकीशिवाय आलेली विनंती पाहून सर्व्हरला वाटतं की हा नवा पाहुणा आहे. तो नवं सेशन, म्हणजे भेटीची नवी नोंद, सुरू करतो आणि त्याच नावाची नवी कुकी देतो. ती जुन्या कुकीच्या जागी बसते. तुमचं लॉग-इन आणि कार्ट यांचा धागा तिथे तुटतो. म्हणून तुम्हाला रिकामी टोपली दिसली.

मोबाईलवर याच लक्षणाचं दुसरंही कारण असतं. एखाद्या ॲपमधल्या दुव्यावर टिचकी मारली की साइट त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. मंजुरीसाठी बँकेचं ॲप उघडतं, आणि तिथून परतताना फोनचा नेहमीचा ब्राउझर पुढे येतो. या दोन ब्राउझरांच्या कुकीज एकमेकांना दिसत नाहीत. ॲपमधून खरेदी करताना आधी ‘ब्राउझरमध्ये उघडा’ हा पर्याय निवडला तर हा गोंधळ टळतो.

तुम्ही काय करावं? सगळी सेटिंग काढू नका, त्या साइटपुरतं दार उघडा. क्रोममध्ये परकी कुकी अडली की पत्त्याच्या पट्टीत डोळ्याचं चिन्ह येतं. तिथून त्या साइटपुरती परवानगी देता येते. फायरफॉक्समध्ये ढालीच्या चिन्हावरून त्या साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं. दोन्हीकडे परवानगी दुकानाच्या पानावर द्यायची आहे. गेटवे आणि बँक यांचे पत्ते शोधत बसायची गरज नसते. हे कार्डाची माहिती भरण्याआधी करा. पेमेंट अर्ध्यात असताना सेटिंग बदलली की पान पुन्हा लोड होतं आणि व्यवहार दोनदा होण्याची भीती असते. सफारीत एका साइटवरून दुसऱ्या साइटवर होणारा पाठलाग रोखण्याची सेटिंग सगळ्या साइटना मिळून एकच आहे, त्यामुळे तिथे ती थोडा वेळ बंद करून पेमेंट झाल्यावर पुन्हा चालू करावी लागते, किंवा दुसरा ब्राउझर वापरावा लागतो.

‘इन्कॉग्निटोमध्ये’, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, ‘करून बघा’ हा सल्ला फार ऐकू येतो. क्रोमच्या त्या खिडकीत परक्या कुकीज मुळातच अडवलेल्या असतात, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रसंगात तो सल्ला निरुपयोगी आहे. तो कधीकधी लागू पडतो याचं कारण वेगळं: तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात, आणि जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन गेटवेची फाईलच अडवत असेल तर ती सुटते. मी स्वतः पेमेंटसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवतो. त्यात एक्स्टेन्शन नाही, परक्या कुकीजना परवानगी आहे, आणि खरेदी व बँक सोडून तिथे काहीही उघडत नाही. बाकी सगळा वावर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये, सगळी दारं लावून. पाठलाग करणाऱ्याला त्या पहिल्या प्रोफाइलमध्ये बघण्यासारखं फारसं काही सापडत नाही, आणि बँकेला उपकरण ओळखीचं राहतं.

साइट बांधणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पैसे मिळाले की नाही हे ग्राहकाच्या ब्राउझरला विचारू नका. तो बंद पडू शकतो, बॅटरी संपू शकते, कुकी अडू शकते. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. ऑर्डर त्यावरून पक्की करा, आणि तोच निरोप दोनदा आला तरी ऑर्डर एकदाच नोंदली जाईल अशी सोय ठेवा. परतीच्या पत्त्यावर सेशन सुरूच करू नका. ऑर्डर क्रमांक आणि गेटवेची सही तपासा, आणि ३०३ उत्तर, म्हणजे ‘दुसऱ्या पानावर जा’ असा निरोप, देऊन निकालाच्या पानावर पाठवा. तो पुढचा टप्पा ‘गेट’ पद्धतीचा, म्हणजे साध्या दुव्यासारखा, असल्याने लॅक्स कुकी त्याबरोबर येते आणि ग्राहक लॉग-इनच राहतो. घाईत बरेच जण मुख्य सेशनच्या कुकीवर ‘नन’, म्हणजे ‘कुठूनही आलं तरी पाठवा’, असा शेरा मारून मोकळे होतात. मी याच्या ठाम विरोधात आहे. त्याने पेमेंट चालतं खरं, पण जो हल्ला रोखण्यासाठी हा नियम आला त्याला संपूर्ण साइट पुन्हा उघडी पडते. ‘नन’ लागणारच असेल तर त्या एका ऑर्डरपुरती, काही मिनिटं टिकणारी वेगळी कुकी करा, आणि तिच्यावर ‘सिक्युअर’चा, म्हणजे फक्त सुरक्षित जोडणीवरूनच पाठवायचा, शेरा विसरू नका; त्याशिवाय क्रोम ती ठेवतच नाही. चौकट पुरवणाऱ्यांसाठी २०२३ पासून क्रोममध्ये ‘पार्टिशन्ड’ कुकीची सोय आहे, ती साधारण फायरफॉक्सच्या वेगळ्या बरणीसारखी चालते. आणि चाचणी करताना आयफोनच्या सफारीत करा, क्रोमच्या इन्कॉग्निटोत करा, ओटीपीच्या पानावर पाच मिनिटं थांबून करा.

आता परताव्याचं. साइटला लिहाल तेव्हा तारीख आणि वेळ, रक्कम, असल्यास ऑर्डर क्रमांक, बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक, कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती द्या. पूर्ण कार्ड नंबर किंवा ओटीपी कुणीही मागितला तरी देऊ नका. ‘कुकीज चालू करून पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच उत्तर आलं, तर एक प्रश्न विचारा: या व्यवहाराचा निरोप गेटवेकडून तुमच्या सर्व्हरवर आला होता का, आणि आला असेल तर त्यात निकाल काय लिहिला होता? पैसे मिळाल्याचा निरोप आला असेल तर ते ऑर्डर हाताने पक्की करू शकतात. आला नसेल तर त्यांना गेटवेकडे तो व्यवहार क्रमांक टाकून स्थिती बघता येते आणि तिथूनच परतावा सुरू करता येतो. परताव्याचा संदर्भ क्रमांक मागून घ्या. रक्कम आली नाही तर बँकेकडे तक्रार करताना तोच लागतो.